मरीमायचा बोकड

सन १९९३. मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. काल अमरावतीत लेकाच्या दारापुढे सुऱ्यांना धार लावणारा आला. तापल्या लोखंडाचा वास नाकात गेला अन् ती दुपार आठवली.

आमच्या गावात मरीमायला बळी द्यायचा बोकड पिढ्यान्‌पिढ्या गावचे मुसलमान खाटीक, मुलानीच कापायचे. तेव्हा ते काम अजीजभाईंकडं होतं. त्या साली हिंदू-मुसलमान दंग्यांनी हवा बिघडलेली. बळीच्या आदल्या दिवशी दुपारी ते बोकड पाहायला आले, तर मी चारचौघांत म्हटलं, "तुमचा धर्म मारकाटच शिकवते. यंदा आमचं आमी पाहून घेऊ."

अजीजभाई बोकडाले पाणी पाजून राहिले होते. बादली खाली ठेवून म्हणाले, "पाटील, कापायच्या आधी जनावराले पाणी पाज, त्याच्या डोळ्यांपुढं सुरी घासू नोको, त्याले तडफडवू नोको, हे मले धर्मानंच शिकवलं. माणसावर सुरी काढ, असं कोनं शिकवलं सांगा?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. पण चारचौघांत बोललेला शब्द मागं घेणं मला कधी जमलं नाही. पुढे ते अकोल्याला गेले अन् तिथंच वारले.

त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरी मीच हाती घेतली होती. हाताला सवय नव्हती. बोकड लवकर मेला नाही, अन् सारं गाव खाली मान घालून उभं होतं.