हातगाडी आवरंना तवा

नातीला अठरा पुरी झाली तसा घरात एकच घोशा, स्कूटी शिकायची. कॉलेज लांब, दोन बस बदलाव्या लागायच्या. माझ्या पोराच्या, तिच्या बापाच्या, मनात व्हतं, पन त्यो तिला म्हनला, "आजी हो म्हनली तर शिक."

माझ्यावर टाकलं ते उगंच न्हाई. त्याचे वडील टेम्पो चालवायचे, लोणी काळभोरवरनं मंडईत भाजी आनायचे. एक दिवस अंगात ताप फनफनलेला. मी म्हनलं, आज नका जाऊ. म्हनले, "मला काय धाड भरलीय?" गेले ते गेलेच. टेम्पो रस्त्याखाली पालथा. पोरगं तवा तीन वर्साचं. मग मी हातगाडी धरली. मंडईत भाजी भरायची, शनिवार पेठेत दारोदार विकायची. आजून तेच करते.

नातीला म्हनलं, "रविवारी माझी गाडी ढकल. मग सांगते."

"आजी, स्कूटीचा आणि हातगाडीचा काय संबंध? हिला ब्रेक तरी आहे का?"

"न्हाई. म्हनूनच."

रविवारी गाडी भरली. ती ढकलतीय, मी मागनं. पेठेत एक काका मधोमध उभं राहून फोनवर बोलत व्हते. ती थांबली. तेच वळून म्हनले, "काय गं, रस्ता तुझ्या नावावर आहे का?"

"नाही काका, तुमच्याच नावावर आहे. म्हणून तर थांबलेय."

मला हसू आलं, दाखवलं न्हाई. तोंड चालतंय, पन हात थांबला, ते बघून ठेवलं.

पुढं नदीकडचा उतार. गाडी वढ घ्याय लागली. पोरीच्या चपला सरकाय लागल्या. तिनं दात आवळले, अगदी आजोबांसारखे. मी हात पुढं केला, तेवढ्यात ती वरडली, "आजी, मला आवरत नाहीये! धर!"

दोघींनी टाचा रोवल्या. गाडी थांबली. टोमॅटोची पाटी तेवढी सांडली.

टोमॅटो गोळा करताना तिचे डोळे भरले. "म्हणजे मी नापास ना?"

मी एक टोमॅटो पदराला पुसला. त्या तापाच्या दिवशी तिच्या आजोबांनी येवढंच म्हनाय पायजे व्हतं, आवरत न्हाई म्हनून. मी गेले असते की बरूबर, न्हाईतर शेजाऱ्याला धाडलं असतं.

"बापाला सांग लायसनचं बघाय," मी म्हनलं. "आन हेल्मेट आदी आन."

"अगं, पण गाडी सुटत होती!"

"सुटत व्हती, तवा हाक मारलीस न्हवं?"

आता ती स्कूटीवर जाते. ती परत येईस्तवर माझा जीव दारात आसतो, ते कुनाला सांगत न्हाई. पन कधी डोकं दुखलं, न्हाईतर झोप झाली नसली, की चावी खुंटीला लावते आन म्हनते, "आज बसनं जाते गं आजी." त्या दिवशी मी तिच्या डब्यात एक लाडू जास्ती घालते.