मास्तरांचा जावई

बेट एवढंसं, की सकाळी कुणी शिंकलं तर दुपारपर्यंत चौकशीला माणसं हजर. तिथे अठरा वर्षं मास्तर पाहुण्यांना समुद्राच्या तळाशी नेऊन सुखरूप वर आणत होते. डायव्हिंग शिकवतात म्हणून मास्तर. शाळेशी त्यांचं कधी पटलं नाही.

त्यांची खरी मिरवायची गोष्ट म्हणजे जावई. खडकाच्या कपारीत राहणारा पोत्याएवढा ठिपकेदार मासा. सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याला उकडलेल्या अंड्याची चटक लावली. तेव्हापासून पाण्यात माणूस दिसला, की स्वारी थेट हाताशी. पाहुणे फोटो काढून खूश, डायव्हिंगच्या दुकानाचा मालक त्याहून खूश. "पोटच्या पोरांना एक अंडं आणि जावयाला दोन!" असं म्हणत बायको रोज सकाळी अंडी उकडून द्यायची. नाव तिनंच ठेवलेलं.

त्या रविवारी पलीकडच्या बेटावरून मास्तरांचा थोरला भाऊ आला. तो भाल्यानं मासे मारून विकायचा. येताना वाटेत पाण्यात उतरला होता, आणि आता माशाच्या तुकड्यांनी भरलेलं पातेलं कौतुकानं पुढे करत होता.

"अरे, भाला रोखला तरी पळेना," तो हसत म्हणाला. "उलट माझा हात हुंगत बसला. असला वेडा मासा जन्मात पाहिला नाही!"

कातडीवरचे ठिपके मास्तरांच्या ओळखीचे होते. भावाला काय बोलणार? त्यानं आपलं काम केलं होतं. माशाला माणसाची भीती होती, ती मास्तरांनीच अंडी चारून घालवली होती.

"वेडा नव्हता तो, दादा. मी केला त्याला तसा."

भाऊ गेल्यावर मास्तर ढसाढसा रडले. बायकोनं पातेल्यावर झाकण ठेवलं.

"अंडी उकडून तर मीच देत होते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मास्तर पाहुण्यांना घेऊन रिकाम्या हातानं खाली गेले. कपारीतून एक लहानसा ठिपकेदार मासा बाहेर आला. जावयाच्या उष्ट्यावर वाढलेला. तो त्यांच्या बोटांशी घुटमळू लागला. मास्तरांनी मन घट्ट करून त्याच्या तोंडावर गुद्दा मारला. पाहुणे दचकले. मासा हातभर मागे सरकला, जरा थांबला, आणि परत बोटांशी आला.

मास्तरांनी पुन्हा मूठ वळली.