बावन्न नंबरची धूळ

पुलेंगच्या नादाला खाणीत फारसं कोणी लागत नसे. दक्षिण आफ्रिकेतल्या वेलकोमजवळच्या त्या सोन्याच्या खाणीत रोज पहाटे, पाळी खाली उतरायच्या आधी, ती दिव्यांच्या खोलीत टेबल मांडून उभी असायची. टोपीवरचा दिवा घेऊन माणूस पुढे आला की त्याच्या पट्ट्याला छोटा पंप अडकवायचा, नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि गळ्याजवळ चिमटा लावायचा. चिमट्यात फिल्टरची पांढरी चकती. माणूस दिवसभर जी हवा ओढणार, तीच पंपही ओढणार. नंतर चकती बारीक काट्यावर ठेवली की छातीत किती धूळ गेली असेल ते कळतं. मग तिनं तक्ता भरायचा आणि खाली सही करायची.

“ऊसी, हा ग्रोबलर साहेबाचा कान माझ्या गळ्यात नको गं बांधूस,” मोत्लात्सी दर वेळी म्हणायचा. “खाली आम्ही त्याला काय काय बोलतो ते सगळं ऐकेल तो.”

“ऐकू दे की! जन्मात एकदा तरी खरं पडेल त्याच्या कानावर. आणि नीट उभा राहा, वरातीत आल्यासारखा काय डुलतोयस?”

ऊसी म्हणजे ताई. मोत्लात्सी तिच्याहून चांगला चार वर्षांनी मोठा, पण त्या टेबलापाशी सगळेच तिला ऊसी म्हणत. बावन्न नंबरच्या पातळीवर ड्रिल धरून खडकात भोकं पाडणारे पाच जण होते, त्यांचा हा म्होरक्या. कामाला वाघ, तोंडाळही तसाच.

जुलैतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीतल्या, एका बुधवारी, बाहेर गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं असताना, ग्रोबलर साहेबानं पुलेंगला बोलावलं. खाणीतली हवा आणि कामगारांची तब्येत हे खातं त्याच्याकडे. साहेब भलताच खुशीत होता.

“बावन्न नंबरचे आकडे बघितलेस? तीन वर्षं सलग मर्यादेच्या खाली! आता तिथल्या मोठ्या पंख्याची गरज नाही. तो साठ नंबरला नेतोय, सोमवारी उतरवतील. तू या महिन्याच्या तक्त्यावर सही करून दे, म्हणजे कागद पूर्ण झाले.”

तक्ता घेऊन ती आपल्या खोलीत आली. बावन्न नंबरच्या पाच चकत्या काढून तिनं उजेडात धरल्या. पाचही पांढऱ्या, दळणाच्या गिरणीत बसलेल्या माणसाच्या चकतीवरही याहून जास्त धूळ सापडली असती. तेवढ्यात पाळी सुटली आणि खिडकीसमोरून मोत्लात्सी गेला. भुवया राखाडी, पापण्या राखाडी, नाकपुड्यांभोवती लिंपल्यासारखा चिखल. अगं बाई गं! माणूस असा बरबटलेला आणि त्याच्या गळ्यातली चकती कोरी? हे ध्यान तीन वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून जात होतं आणि तीन वर्षं ती डोळे मिटून सही ठोकत होती. तिला स्वतःची इतकी चीड आली की तिनं चकत्यांचा डबा टेबलावर आपटला.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपी चढवली, बूट घातले आणि माणसं खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या रांगेत पाळीबरोबर उभी राहिली. ग्रोबलर साहेबानं वाटेतच अडवलं.

“कुठे निघालीस? तुझं काम वर आहे.”

“काम वर आहे साहेब, पण हवा खाली आहे.”

आणि ती उतरली. थांबवायला त्याच्याकडे कारणही नव्हतं. खाली जायला लायक असल्याचा डॉक्टरचा दाखला तिच्या खिशात होता.

बावन्न नंबरला पिंजऱ्यातून बाहेर आलं की थोड्या अंतरावर एक लांब बाक आहे. वरून येणारी ताजी हवा पहिल्यांदा तिथेच लागते, म्हणून डबे खायची, दम घ्यायची जागा ती. बाकावर म्हातारा मोएकेत्सी चहा उकळत बसला होता. पुलेंगनं दिवा त्याच्यावर धरला आणि तिला दिसलं, त्याच्या कमरेला पाच पंप होते. पाच नळ्या, पाच चिमटे, शर्टाच्या कॉलरला ओळीनं लावलेले.

“न्ताते मोएकेत्सी! हे काय आहे?”

बापाच्या वयाच्या माणसाला तिथे न्ताते म्हणतात. न्ताते मोएकेत्सी गोड हसला.

“पंप आहेत, दुसरं काय? बस पोरी, चहा घे. पहिल्यांदाच आलीस आमच्याकडे.”

“पाचच्या पाच तुमच्या अंगावर?”

“पोरांची अडचण होते गं. नळी ड्रिलमध्ये अडकते, मग खोदाईचे मीटर कमी भरतात, बोनस बुडतो. मी काय, नुसता बसलेला. म्हटलं, आणा इकडे. तेवढाच माझा हातभार.”

त्या टोळीत रीतच होती तशी. ज्याच्या हातून ड्रिल सुटलं, त्यानं बाकीच्यांच्या वस्तू सांभाळायच्या. कोट, डबे, घड्याळं, बायकांनी शिवून दिलेले हातमोजे. हा बसून खातो असं त्याला कोणी म्हणू नये, त्याची मान ताठ राहावी, म्हणून ही सोय. तीन वर्षांपूर्वी मोएकेत्सीची छाती कामातून गेली तेव्हा टोळीनं हलक्या कामाच्या नावाखाली मोठ्या मानानं त्याला बाकावर बसवलं होतं. डब्यांच्या जोडीला पंपही त्याच्याकडे गेले आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

डबे खायला पाचही जण बाकाशी आले. मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि पालेभाजी उघडली गेली, पण पुलेंगनं कोणाला पहिला घास घेऊ दिला नाही.

“सोमवारी तुमचा पंखा जातोय.”

“का म्हणून?” मोत्लात्सी उसळला.

“कारण बावन्न नंबरला धूळच नाही. तुमच्या चकत्याच सांगतात तसं.”

मोत्लात्सीनं डबा खाली आदळला. “आणि आकडा वाढला तर? तपासणीला पाठवतील, छाती खराब म्हणतील आणि सरहद्दीपलीकडे लेसोथोला घरी हाकलतील. मग काय, बायकोपोरांना दगड खाऊ घालू? बोलायला तुझं काय जातंय!”

“अरे गाढवा, चकती तुझ्या छातीबद्दल बोलत नाही, ती या जागेबद्दल बोलते! जागा खराब निघाली तर जागा सुधारावी लागते. जागा चांगली निघाली आणि माणूस मेला, तर म्हणतात, विड्या ओढत असेल.”

मोएकेत्सी एकेक चिमटा सोडवायला लागला होता. त्याला धाप लागली होती.

“म्हणजे पंखा मी घालवला,” तो म्हणाला.

“आपण दोघांनी, न्ताते. पंप तुम्ही वागवलेत, सह्या मी केल्या.”

शुक्रवारी तिनं तक्ता साहेबाच्या टेबलावर ठेवला. सहीच्या जागी तिनं लिहिलं होतं: हे पाचही पंप एकाच माणसानं चहाच्या बाकावर बसून घातले, तीन वर्षांचे आकडे धरू नयेत. साहेबाचा चेहरा लालबुंद झाला.

“मागच्या सगळ्या तक्त्यांवर तुझीच सही आहे, कळतंय का? नोकरी जाईल.”

“गेली तर गेली. पण या कागदावर माझी सही मिळणार नाही.”

“पंप कोणी काढले त्यांची नावं दे. त्यांना नोटिसा काढतो, तू सुटलीस.”

“घ्या लिहून. पहिलं नाव माझं आणि दुसरं तुमचं. तीन वर्षं आकडे बघितलेत, एकदा तरी उतरलात का खाली?”

“चालती हो! तुझ्या सहीवाचून पंखा अडत नाही. सोमवारी जाणार म्हणजे जाणार.”

सोमवारी पहाटे बावन्न नंबरचे पाच जण सगळ्यात आधी टेबलापाशी हजर. मोत्लात्सीनं कॉलर वर केली. “बांध, ऊसी. घट्ट बांध. आज बोनस गेला खड्ड्यात.” त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही.

दहाच्या सुमाराला चार फिटर पाने-हातोडे घेऊन पंखा उतरवायला पोचले, तर पंख्यासमोर आडवा बाक टाकून मोएकेत्सी बसलेला. मांडीवर घोंगडी, शेजारी चहाची किटली.

“आधी मला उचला,” तो म्हणाला, “मग पंखा.”

फिटर चौघेही बासोथोच, म्हणजे मोएकेत्सीच्याच लोकांपैकी. ज्याला न्ताते म्हणायचं त्याच्या दंडाला धरून ओढायचं? आयांनी घरात घेतलं नसतं त्यांना. एकमेकांची तोंडं बघून झाली, मग त्यांनी वर फोन लावला. तिकडून साहेब इतका ओरडला की बाकावर बसूनही ऐकू आलं. मोएकेत्सीनं हात पुढे करून फोन घेतला.

“साहेब, ही पोरं मला हात लावायची नाहीत. तुम्ही या. तुम्हाला कुठे आमच्या रीती आहेत?”

साहेब काही आला नाही. पाळी संपेपर्यंत म्हातारा जागचा हलला नाही, फिटरांनी त्याचाच चहा पिऊन दिवस काढला आणि पंखा होता तिथेच फिरत राहिला. मंगळवारीही तेच.

चकत्या रात्रभर सुकवाव्या लागतात. मंगळवारी दुपारी पुलेंगनं मोत्लात्सीची चकती काट्यावर ठेवली. मर्यादेच्या सहापट! तेही पंखा चालू असताना. तिनं दोनदा वजन केलं, मग चकती, तक्ता आणि रजिस्टर उचललं आणि तडक दिव्यांच्या खोलीत गेली, जिथे पाळी सुटून माणसं दिवे परत करत होती. मागोमाग ग्रोबलर साहेब धावत आला.

“चकती खोलीबाहेर न्यायची नसते! नियम आहे!”

“ज्यांच्या गळ्यात होती त्यांना दाखवतेय. तुम्हीही बघा. आज तक्त्यावर सहीसुद्धा आहे.”

साहेबानं आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. सही केलेला असा कागद दडवणं त्याच्याही अंगाशी येणार होतं. भिंतीवरचा फोन उचलून तो एवढंच म्हणाला, “पंखा राहू द्या.” मग खिशातून ताकिदीचं पत्र काढून त्यानं पुलेंगच्या हातात कोंबलं. पुन्हा चूक झाली तर नोकरी जाणार होती. तिनं ते न वाचताच घडी घालून ठेवलं.

चकती हातोहात फिरत मोएकेत्सीपर्यंत पोचली. काळपट राखाडी झाली होती ती. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली.

“ही किती दिवसांची?”

“एका पाळीची, न्ताते.”

“एका?” त्याचा श्वास आत अडकला, मग शीळ घातल्यासारखा बाहेर आला. “मी बावीस वर्षं ड्रिल धरलं, पोरी. माझी किती झाली असेल?”

पुलेंगला रडू फुटलं. 

“माहीत नाही, न्ताते. तेव्हा कोणी मोजलंच नाही.”

“मग तसं लिही. कुठेतरी लिहिलेलं असू दे.”

तिनं डोळे पुसले आणि रजिस्टर उघडलं. पाच जणांच्या आकड्यांखाली मोठ्या अक्षरात लिहिलं: मोएकेत्सी, ड्रिल, बावीस वर्षं. मोजलं नाही.

“रजिस्टरमध्ये फक्त आकडे लिहायचे असतात,” ग्रोबलर साहेब म्हणाला. “खोड ते.”

पुलेंगनं पेन त्याच्यासमोर ठेवलं. “तुम्ही खोडा. त्यांच्या देखत.”

मोएकेत्सीचा श्वास तेवढा घरघरत होता, दारापर्यंत ऐकू येत होता. साहेबानं पेन उचललं नाही.