दोन्ही बाजूंची भाषणं

बोरीवलीच्या त्या सोसायटीत विद्याधर प्रधानांना सगळे काका म्हणायचे, आणि गणपती जवळ आले की काकांचा भाव वधारायचा. वक्तृत्व स्पर्धेत मुलं नुसती बोलायची, भाषणं लिहायची काकांनी. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर दुसरा उद्योग तरी काय होता त्यांना? विषय सांगा, बाजू सांगा, टाळ्यांच्या जागांसकट भाषण तयार. बाजू कुठलीही असो, काकांचं काही अडायचं नाही. उलट त्याचीच त्यांना घमेंड.

यंदा युद्धाच्या बातम्या तापलेल्या, म्हणून सेक्रेटरींनी विषय काढला, 'युद्ध संपवायला अणुबॉम्ब टाकणं योग्य होतं का?' चिठ्ठ्या टाकल्या. काकांच्या नातीला, स्वरदाला, 'योग्य' आली. बी विंगच्या निहारला 'अयोग्य'. आजोबा सांगतील ते खरं, असं मानणारी पोर स्वरदा. ढाल तिलाच मिळावी असं काकांना फार वाटत होतं. पण निहारची आई आली, काका-काका केलं, आणि हे लगेच पाघळले. त्यालाही लिहून दिलं. त्यात काय एवढं!

निहार आधी बोलला. जळालेल्या अंगाने पाणी मागत नदीकडे चाललेली हिरोशिमाची मुलं त्याने अशी उभी केली की बायकांनी डोळे पुसले. काका खुशीत. मग स्वरदा उठली. "दोन शहरं गेली, पण लाखो जीव वाचले," इथवर झकास आली आणि थांबली.

पोरगी विसरली, असं वाटून काका पहिल्या रांगेतून पुढचं वाक्य कुजबुजले, "हिशेब साधा आहे." मग जरा मोठ्याने, "अगं, हिशेब साधा आहे."

"विसरले नाही मी, आजोबा," ती माईकमध्येच म्हणाली. "निहारचं पण तुम्हीच लिहिलंत ना? मग तुम्हाला स्वतःला काय वाटतं? टाकायला हवा होता?"

मागे कुणीतरी हसलं. काका उठले. शब्दांची त्यांना कधीच वानवा नव्हती. आत्ताही दोन्हीकडची वाक्यं जिभेवर तयार होती. पण त्यातलं स्वतःचं एकही नव्हतं. हिरोशिमाच्या त्या मुलांवर लिहिताना त्यांनी फक्त टाळी कुठे पडेल ते पाहिलं होतं. लाजेने त्यांचे कान तापले. नातीकडे बघवेना.

"मी विचारच केला नाही गं," ते कसंबसं म्हणाले.

"मग आता मी काय बोलू?" स्वरदाने विचारलं.