मार्सेलीनबाईंचं घर कुठल्या राज्यात?

“मार्सेलीनबाई, विहीर तुमची महाराष्ट्रात आहे, पण घर गोव्यात,” मी सांगून टाकलं.

त्या ओट्यावर मटकन बसल्या. “मतदान रेडीत, रेशन रेडीत, आणि घर गोव्यात? मगे माका घरकूल गावाचा नाय?”

मिळणार नव्हतंच. यादीत नाव लागलं होतं, पण जागा महाराष्ट्रात असल्याचा दाखला हवा होता आणि तो माझ्या मोजणीवर अडला होता. मी सर्वेअर.

महाराष्ट्राच्या टोकाच्या रेडीची ही हद्द म्हणजे डोकेदुखी. तेरेखोल नदीच हद्द असती तर प्रश्न नव्हता. पण पोर्तुगीजांनी सावंतवाडीकरांकडून तेरेखोलचा किल्ला घेतला, तो नदीच्या अलीकडे, आमच्या अंगाला. त्यामुळे तेवढा तुकडा आजही गोव्याचा, आणि हद्द माडाकाजूंतून कुणाच्याही परसातून जाते.

मोजणीचं मशीन आकडे बिनचूक देतं. पण जुना नकाशा जमिनीवर कुठून लावायचा, ते माणसानं ठरवायचं. त्यासाठी हद्दीचा एक तरी जुना दगड लागतो. मला विहिरीजवळ सापडला. आडवा पडलेला, अक्षरं झिजलेली, वरची बाजू गुळगुळीत. खाऱ्या वाऱ्यानं झाली असेल, असं मीच ठरवलं. साहेबांना फोन केला.

“दगड मिळाला ना? मग मोजा आणि या,” साहेब म्हणाले.

मी मोजलं. घर गोव्यात गेलं.

सामान आवरत होतो. मार्सेलीनबाई डोळे पुसत बादली घेऊन आल्या आणि त्याच दगडावर चादर आपटायला लागल्या. मी हातातलं सामान खाली ठेवलं.

“बाई, हा दगड इथलाच ना?”

“ह्यो? नाय ओ. माझ्या सासऱ्यान व्हाळाकडसून गाडीत घालून हाडललो. कपडे धुवूक.”

“मग सांगितलं का नाही?”

“तुमी खंय इचारल्यात?”

बाईंचा व्हाळ म्हणजे घराच्या खाली, तेरेखोलच्या बाजूला असलेला ओहोळ. तिथं झुडपं तोडली तेव्हा चुन्याचा जुना चौथरा निघाला, मधोमध दगडाच्या मापाची खाच. तिथून परत मोजलं. घर, विहीर, सगळं महाराष्ट्रात. मी मार्सेलीनबाईंची माफी मागितली.

दगड चौघांनी उचलून मूळ जागी बसवला. “आता कपडे खंय धुवू?” म्हणून त्या माझ्यावरच तडकल्या. घरकूल मात्र मिळालं.

रिपोर्टात मी लिहिलं, ‘स्थानिक चौकशीअंती दगडाची मूळ जागा निश्चित केली.’ साहेबांनी शाबासकी दिली. चौकशी कसली! त्या दिवशी बाईंना धुणं नसतं, तर त्यांचं घर गोव्याला देऊन मी चारच्या एसटीनं परतलो असतो.