दुधाला चिकटलेले

त्या घरात धुतलेली भांडी पुन्हा धुतली जात. सून कामावरून आली, की सासूबाईंनी घासून पालथी घातलेली पातेली उचलायची, उजेडाकडे धरून बघायची आणि थेट नळाखाली न्यायची. शेवटी सासूबाईंच्यानं राहवायचं नाही.

"अगं, मी काय त्यात चिखल कालवला होता?"

"तसं नाही हो आई. साबणाचा वास येतोय."

"साबणानं घासल्यावर काय अत्तराचा येणार?"

कामावरही तिची हीच तऱ्हा. म्हणून तिथं तिचं नाव पडलं होतं सातपाणी. तोंडावर 'बाई', पाठ फिरली की 'सातपाणी'. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून थोडं आवडतही होतं. कारण प्रयोगशाळेतलं तिचं निम्मं काम धुण्याचंच होतं.

काम असं होतं. विंचवाच्या विषात एक प्रथिन असतं, तेच माणसाला तडफडवतं. त्याला घट्ट धरून ठेवील असं दुसरं प्रथिन शोधायचं. सापडलं तर पुढंमागं त्यातून उतारा निघेल अशी आशा. शोधायचं कसं? एका इवल्याशा नळीत कोट्यवधी फाज भरलेले असायचे. फाज म्हणजे जिवाणूंना खाणारा विषाणू, माणसाला त्याच्यानं साधी शिंकही येत नाही. या प्रत्येकाच्या अंगावर एक वेगळंच प्रथिन चढवलेलं, गर्दीत प्रत्येकाची टोपी निराळी असावी तसं.

मग एक प्लास्टिकची प्लेट घ्यायची, तिला छोटे छोटे खण. खणाच्या तळाशी विषाचं प्रथिन बसवायचं. जी जागा मोकळी राहील तिथं भलताच कुणी येऊन टेकू नये, म्हणून दुधाच्या पावडरचं पाणी फिरवायचं. दुधानं ती जागा भरून जाते. त्यावर सगळे फाज सोडायचे, निवांत बसू द्यायचे, आणि मग धुवायचं. उगाच टेकलेले वाहून जातात, धरून बसलेले राहतात. त्यांना सोडवून, जिवाणूंवर पोसून त्यांची पिल्लावळ वाढवायची आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. फेरीगणिक हौशे-नवशे गळत जातात आणि खरा चिकटणारा हाती लागतो. धुणं कमी पडलं तर सगळा बाजार मागं राहतो, फार झालं तर कामाचाही वाहून जातो. तिचा हात त्यात बसलेला होता.

तिच्यावर साहेब होते. माणूस हुशार, मनाचा चांगला, पण घोड्यावर बसूनच जन्माला आलेला. चहा गार होईपर्यंत थांबायचं नाही म्हणून जीभ पोळून घ्यायचे. या खेपेला मात्र त्यांच्या घाईला कारण होतं. वरून कळवलं होतं, कमिटी येणार. काही चिकटणारं सापडलं असेल तर खोली तुमची, नाहीतर खोली शेजारच्या विभागाला. आणि बाईंची बदली स्टोअरमध्ये, हातमोज्यांची खोकी रचायला.

या स्टोअरची तिनं हाय खाल्ली होती. तिथं नळच नव्हता.

चौथी फेरी संपली आणि शेवटची परीक्षा आली. या परीक्षेत उरलेल्यांतला एकेक फाज वेगवेगळ्या खणात सोडतात आणि धुऊन वर एक रंग घालतात. ज्या खणात फाज चिकटून बसलेला असेल तो निळा होतो. नियमानं काही खण नुसत्या दुधाचे ठेवायचे, विषाशिवाय. ते कोरे राहिले पाहिजेत. पण रंगाची बाटली तळाला गेलेली, नवी यायला उशीर.

"साहेब, दुधाचे खण लावू ना?"

"अहो, नुसत्या दुधात काय बघायचंय? रंग जाईल फुकट. सगळे विषाचेच लावा."

तिनं लावले. तिलाही मनातून सगळे निळे बघायचेच होते.

आणि झालेही. एकजात सगळे खण निळेशार! साहेब खुर्चीवरून उठले ते थेट शेजारच्या विभागात जाऊन प्लेट दाखवून आले. बिस्किटांचे पुडे आले. रखवालदारालासुद्धा प्लेट दाखवली. तो बिचारा म्हणाला, "छान रंग आहे, साहेब."

घरी तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी गुडघ्यावरचा शेकाचा कपडा जरा वर सरकवला.

"सगळेच पास?"

"सगळेच."

"मग परीक्षा सोपी होती."

"आई, तुम्हाला कुणाचं भलं झालेलं बघवत नाही."

"मला सगळं बघवतं. माझा गुडघाच तेवढा वळत नाही."

या गुडघ्याची विचारपूस करायला एक काका रोज सकाळी येत. सासूबाईंचे चुलतदीर, गल्लीच्या टोकाला राहणारे, एकटे. यायचे, "वहिनी, आज गुडघा काय म्हणतो?" असं विचारायचे आणि भरपूर दुधाचा चहा होईपर्यंत बूड हलवायचे नाहीत. सुनेच्या मनात कधीची शंका होती, की यांना गुडघ्याची ओढ जास्त की चहाची?

दुसऱ्या सकाळी दूध नासलं. काका येऊन टेकले होते. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "काका, आज दूध नाही हो."

काका तटकन उठले, चपला सरकवल्या आणि चालते झाले. गुडघ्याचं नावसुद्धा नाही!

तिला हसू आलं. 'आले होते म्हणे वहिनींसाठी! दूध संपलं, नातं संपलं.' हसत हसतच तिनं पिशवी उचलली, बाहेर पडली आणि कोपऱ्यावर पोचली तोच पायच थबकले. मागून येणारी बाई तिच्यावर आदळली.

'अगंबाई! माझे फाज विषासाठी बसलेत, की दुधासाठी?'

प्रयोगशाळेत गेल्या गेल्या तिनं बाटली उलटी करून, झटकून रंग काढला. दोन-चार खणांपुरता निघाला. खण नुसत्या दुधाचे लावले आणि त्यात आपले यशस्वी फाज सोडले. धुतलं. अगदी जीव खाऊन धुतलं. पण दुधालाच मिठी मारून बसलेल्याला सात पाण्यांनी काय होणार? खण निळे झाले. कालच्याहून काकणभर जास्तच.

क्षणभर तिच्या मनात आलं, ओतून द्यावं. कुणी पाहिलेलं नाही. कमिटी येईल, निळं बघेल, जाईल. पण मग पुढं काय? त्या दुधाळ फाजांना महिनोन्‌महिने हीच धूत बसणार होती. घाण दिसत असताना पातेलं पालथं घालणं तिच्या हातून व्हायचं नव्हतं. ती प्लेट घेऊन साहेबांच्या दारात उभी राहिली.

"साहेब, दुधाचे खणही निळे आलेत."

"किती निळे?"

"निळेशार."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "म्हणजे आपल्याला विंचवाचा नाही, दुधाचा उतारा सापडला!"

"बिस्किटं तर वाटून झाली."

"रखवालदाराला काय सांगू मी आता?"

मग साहेब आयुष्यात पहिल्यांदाच सावकाश बोलले. "चूक माझी. दुधाचे खण मीच नको म्हणालो."

"मीही कुठं हट्ट धरला?"

"आता असं करू. मूळची नळी फ्रीजरमध्ये आहेच. या वेळी सगळे फाज आधी नुसत्या दुधाच्या खणात सोडू. दुधाचे लोभी तिथंच बसतील. वर जे तरंगत राहतील तेवढेच विषाकडं न्यायचे."

"म्हणजे खादाडांची पंगत दाराबाहेरच उठवायची."

"हो. आणि बाई, धुवा. मी मध्ये बोलणार नाही."

बोलले नाहीत. दारात येऊन नुसते येरझाऱ्या घालायचे. नवा रंग आला, पुन्हा फेऱ्या झाल्या. घरी ती रोज काकांना बिनदुधाचा चहा देऊ लागली. मनात म्हणायची, बघू किती दिवस टिकतात. काका तोंड वाकडं करून पीत, पण रोज येत. हे काही तिच्या हिशेबात बसेना.

कमिटीच्या दिवशी सकाळी रंग घातला. या वेळी विषाच्या खणांशेजारी दुधाचेही खण होते. दुधाचे कोरे राहिले. विषाचेही कोरेच दिसू लागले. साहेब पांढरेफटक पडले. मग कोपऱ्यातला एक खण हळूच निळसर झाला, आणि गडद होत गेला. त्याच फाजाचा शेजारचा दुधाचा खण कोराच्या कोरा.

कमिटीत एक जाड चष्म्याच्या बाई होत्या. त्यांनी प्लेट डोळ्यांजवळ नेली. "एवढ्या सगळ्यात फक्त एक?"

साहेबांनी तोंड उघडायच्या आत हिच्या तोंडून निसटलं, "बाई, मुलीला नवरा एकच लागतो."

साहेबांना ठसका लागला. चष्म्याच्या बाई हसल्या आणि मग साहेबांना एवढंच विचारलं, की दुधाचे खण प्रत्येक वेळी लावता ना? साहेब म्हणाले, "आता लावतो." त्या खरेपणावर की त्या एका खणावर कोण जाणे, खोली राहिली. बाईही राहिल्या, नळासकट.

संध्याकाळी घरी आली तर काका सासूबाईंपाशी बसलेले. आनंदाच्या भरात तिनं सगळं सांगून टाकलं, दूध नासल्याची सकाळसुद्धा. काकांसमोरच. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

सासूबाई आधी बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की त्यांना गुडघा धरावा लागला.

"अगं शहाणे, भाऊजी दूध आणायला गेले होते! पिशवी घेऊन आले तर तू नाहीस. त्या दुधाचा चहा आम्ही दोघांनी प्यायला."

तिचा चेहरा पडला. "मग काका, एवढे दिवस तो काळा चहा... काही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझ्या पोटासाठी देत्येस," काका म्हणाले. "सून काळजी करते म्हणून वहिनींना कौतुकानं सांगत होतो मी."

ती उठली. पातेलं घेतलं, सवयीनं उजेडाकडे धरलं.

"न धुताच ठेव गॅसवर," सासूबाई म्हणाल्या. "आणि दूध जास्त घाल. हे चिकटलेले आहेत, वाहून जायचे नाहीत."