सायकल लावल्याचा आवाज

मंदीच्या काळातल्या एका अमेरिकन दरोडेखोरावरचं पुस्तक मी ऑफिसला जाता-येता सायकलवर ऐकत होतो. दिसायला पोरसवदा, बोलायला गोड, पण कशावरून बिनसेल आणि कधी गोळी झाडेल याचा नेम नाही. पोलिसांपेक्षा त्याचे साथीदारच त्याला जास्त घाबरायचे. त्याच्या गाडीचा आवाज आला की ते हसणं थांबवायचे, हातातले पत्ते खाली ठेवायचे. ऐकताना अंगावर काटा आला. माणूस कसला, जनावरच ते. राग काय, मलाही येतो. गेल्या महिन्यात आमटीची वाटी भिंतीवर भिरकावली होती, पण ते तेवढ्यापुरतं.

नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवन गावात बहुतेक जण मागच्या फाटकातूनच घरी येतात, तसा मीही परसात शिरलो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. बायको आणि मुलगी कशावरून तरी खो खो हसत होत्या. मलाही हसू आलं. मी सायकल स्टँडला लावली, त्याचा खट्‌कन आवाज झाला.

हसणं थांबलं. मुलगी टेबलावरची वही उचलून वर निघून गेली. बायकोने उगाचच नळ सोडला.

किल्ली हातात धरून मी तिथेच उभा राहिलो. आता आत कोण शिरणार, याची भीती त्या दोघींइतकीच मलाही वाटत होती.